दगडाच्या पोटातील ताण

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जेथे इंदापूर तालुका संपून सोलापूरची हद्द सुरू होते, तेथे नीरा नदी भीमेला मिळते. या संगमावर वसलेले नरसिंहपूर महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवतस्थान आहे. येथील मूर्ती प्रल्हादाने नदीकाठच्या वाळूची घडविली, असे परंपरा सांगते. या दैवताची कथा सर्वश्रुत आहे. खांब निर्जीव, म्हणून त्यात काही असू शकत नाही, असे समजून हिरण्यकशिपूने त्यावर प्रहार केला आणि त्या खांबातूनच त्याचा काळ प्रकट झाला. कथेचा धार्मिक आशय भाविकांचा. त्यात आम्ही शिरत नाही. परंतु दगडाला निर्जीव आणि निश्चल समजण्याची चूक माणसाने आपल्या दख्खनमध्ये विसाव्या शतकातही केली, आणि तिची किंमत दोनदा मोजली.

नरसिंहपुराहून पश्चिमेस, थोडे दक्षिणेकडे, सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर कोयनानगर आहे. पूर्वेस जवळजवळ तितक्याच अंतरावर किल्लारी आहे. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील दोन सर्वांत विनाशकारी भूकंपांच्या बरोबर मध्ये हा संगम उभा आहे. या दोन स्थळांनी भूकंपशास्त्राला काय शिकविले, आणि जमिनीखालचा ताण मोजण्याची विद्या त्यातून आपल्याकडे कशी आली, याचा मागोवा घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दख्खनचे पठार हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे बनलेले आहे. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्याच्याखाली त्याहून कितीतरी पटींनी प्राचीन असा ग्रॅनाइट व नाइस खडकांचा पाया आहे. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात जाते. हिमालय कोवळा, म्हणून तो थरथरणार. दक्षिणेचे पठार वृद्ध, म्हणून ते स्थिर राहणार, अशी समजूत शाळेच्या पुस्तकांपासून अभियंत्यांच्या आराखड्यांपर्यंत रूढ होती. कोयना धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी जो आडवा जोर गृहीत धरला होता, तो गुरुत्वाकर्षणाच्या अवघा पाच टक्के होता. त्या काळच्या ज्ञानाला धरूनच तो होता.

सुमारे १०३ मीटर उंचीच्या या धरणामागे १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशय भरू लागला आणि थोड्याच अवधीत परिसरात लहान लहान हादरे जाणवू लागले. जमिनीखालून गुरगुर ऐकू येते, असे लोक सांगू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने तेथे भूकंपमापक यंत्रे बसविली. सप्टेंबर १९६७ मध्ये एक बराच मोठा धक्का बसला. नंतर ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे दोनशे माणसे दगावली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत लोक अंथरुणातून उठून बाहेर धावले. धरणातील यंत्राने नोंदविलेला आडवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या साठ टक्क्यांहून अधिक होता. धरणाच्या दोन्ही अंगांना तडे गेले. पण धरण उभे राहिले. ते फुटले असते तर खाली कराडपर्यंत आणि पुढे कृष्णाकाठी काय झाले असते, याची कल्पनाच करवत नाही.

या घटनेनंतर एक प्रश्न गावच्या पारापासून विधिमंडळापर्यंत विचारला गेला: हा भूकंप धरणाने आणला काय? प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. ज्यांच्या जमिनी व घरे पाण्याखाली गेली, त्यांच्यातीलच जे काठावर राहिले, त्यांना आता जमिनीनेही दगा दिला होता. धरणातून वीज मिळाली ती दूरच्या शहरांना आणि कारखान्यांना. दोष कोणाचा, हे विचारण्याचा अधिकार त्या माणसांचा होताच.

मोठ्या भूकंपानंतर माणूस प्रथम दोषी शोधतो, हे जगाच्या इतिहासात वारंवार दिसते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर कोसळले, तेव्हा चर्चमध्ये उपासनेसाठी जमलेले असंख्य भाविक ढिगाऱ्याखाली गेले. हा पापांचा दंड होय, असे काही धर्मोपदेशकांनी सांगितले. त्यावर विचारवंतांत कडवट वाद झाले. परंतु त्याच पोर्तुगालमध्ये दुसरीही एक गोष्ट घडली. सरकारने देशभरच्या धर्मग्रामांना प्रश्नावली पाठविली. धक्का किती वेळ टिकला, किती धक्के बसले, समुद्र आधी मागे हटला की पुढे आला, विहिरींच्या पाण्यात काही फरक पडला काय, किती माणसे गेली? गावोगावच्या धर्मगुरूंनी या प्रश्नांची उत्तरे लिहून पाठविली आणि ती लिस्बनच्या दप्तरखान्यात जपून ठेवली गेली. भूकंपाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा एक आरंभ या साध्या पाद्र्यांच्या लेखणीतून झाला, हे आपल्या वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. मृतांसाठी मिस्सा अर्पण करणारे आणि विहिरीच्या पाण्याची नोंद करणारे हात एकच होते.

भूकंप का होतो, याचे आजचे मूळ उत्तर १९०६ च्या सान फ्रान्सिस्को भूकंपानंतर मिळाले. हॅरी फील्डिंग रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने भूकंपापूर्वीच्या व नंतरच्या जमीन मोजणीची तुलना केली. त्यातून त्याला असे दिसले की, प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक जेथे तुटून सरकलेला असतो त्या भेगेच्या, दोन्ही बाजूंची जमीन वर्षानुवर्षे वाकत राहते. भेगेतील घर्षण तिला धरून ठेवते. वाकविलेल्या वेताच्या छडीप्रमाणे खडकात ताण साठत जातो. घर्षणाची ताकद संपली की दोन्ही बाजू झटक्यात सरकतात आणि साठलेला ताण लाटांच्या रूपाने बाहेर पडतो. शास्त्रात या ताणाला 'प्रतिबल' म्हणतात; आम्ही सोपा शब्द वापरीत आहोत. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या गतीने उत्तरेकडे आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण केवळ हिमालयात राहत नाही, तो दख्खनच्या दगडातही पोहोचलेला असतो.

आता कोयनेचा हिशेब मांडून पाहू. शंभर मीटर खोल पाण्याचा तळावरील दाब सुमारे दहा वातावरणांइतका होतो. उलट पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचाच भार सुमारे तेराशे वातावरणांइतका असतो. तेराशेंच्या पुढे दहांची काय मातब्बरी? तेव्हा जलाशयाने भूकंपाची शक्ती निर्माण केली असे म्हणता येत नाही. ती आधीपासून तेथे होतीच. परंतु तराजूची दोन्ही पारडी समतोल असतील तर मूठभर धान्यानेही काटा झुकतो. प्रस्तरभंग तुटण्याच्या अगदी बेतात असेल, तर दहा वातावरणेही पुरतात.

यात पाण्याची भूमिका केवळ ओझ्याची नाही. हबर्ट आणि रूबी या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी आतून दाब देते, त्यामुळे भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना कमी घट्ट धरतात आणि सरकणे सोपे होते. याचा पडताळा अमेरिकेत अनपेक्षितपणे आला. डेन्व्हर शहराजवळ १९६२ पासून एका खोल विवरात लष्करी कारखान्याचे सांडपाणी सोडले जाऊ लागले आणि त्या शांत प्रदेशात धक्क्यांची मालिका सुरू झाली. पुढे कोलोराडोतील रँजली येथील तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून व उतरवून पाहिला. तसतसे लहान भूकंप वाढले आणि घटले. चीनमधील शिनफेंगज्यांग १९६२ मध्ये, आफ्रिकेतील करिबा १९६३ मध्ये आणि ग्रीसमधील क्रेमास्टा १९६६ मध्ये असेच हादरले होते. त्या मालिकेत कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा ठरला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांनी १९७६ साली धरणे आणि भूकंप या विषयावर ग्रंथ लिहिला आणि कोयनेचे नाव जगाच्या अभ्यासक्रमात गेले. जलाशयाची पातळी पावसाळ्यात किती झपाट्याने चढते आणि किती काळ वर राहते, यांचा धक्क्यांशी संबंध असल्याचे दिसून आले. १९८५ पासून शेजारचा वारणा जलाशय भरू लागला आणि १९९३-९४ मध्ये त्या बाजूलाही पाचांहून अधिक तीव्रतेचे धक्के बसले.

मग प्रत्येक मोठे धरण भूकंप आणते काय? याचे उत्तर नरसिंहपूरकरांच्या दारातच आहे. संगमाच्या वर, भीमेवर, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. इंदापूर तालुक्याची कितीतरी शेतजमीन व गावे त्याच्या फुगवट्यात गेली. उजनीचा एकूण साठा कोयनेहून कमी नाही, उलट काहीसा अधिकच आहे. पाण्याची खोली मात्र कोयनेच्या मानाने कमी. पण उजनीने कोयनेसारखे भूकंप आणलेले नाहीत. पाणी दोन्हीकडे आहे. खालचा दगड कोणत्या अवस्थेत आहे, त्यातील भेगा कशा व किती ताणलेल्या आहेत, यावर फरक पडतो. दोषी कोण हा प्रश्न येथे येऊन बदलतो: तळाशी किती ताण आहे, हे आपण मोजले काय? धरण बांधणाऱ्यांची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. समतोल पारड्यावर काहीही ठेवण्यापूर्वी काटा पाहण्याचे कर्तव्य त्यांच्यावर येते.

हा प्रश्न पुरता उमजण्याआधीच दुसरा घाव बसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. चार वाजण्यास काही मिनिटे असताना किल्लारी परिसर ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने जमीनदोस्त झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली. १९७० च्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्याअखेरीस, तेथे लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. लोक घाबरले, काही दिवस उघड्यावर झोपले आणि मग पुन्हा घरात गेले. पुढे २००२ च्या सुधारित नकाशातून तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला. देशातील कोणतीही भूमी पूर्ण निर्धास्त नाही, ही त्याची कबुली होती.

किल्लारीजवळ कोयनेसारखा अवाढव्य जलाशय नव्हता. शिवाय दोन्ही भूकंपांची जातही वेगळी. कोयनेत खडकांच्या दोन बाजू मुख्यतः आडव्या घसरल्या होत्या, तर किल्लारीत एक बाजू दुसरीवर चढली होती. दख्खनच्या एकाच दगडात ताणाची रूपे निराळी आहेत, हे यावरून उघड झाले. वरचे बेसाल्टचे झाकण मात्र खालची भेग दाखवीत नव्हते. तेव्हा किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आला. तेथे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघ्या आठ मीटर जाडीचा गाळखडक आणि मग प्राचीन ग्रॅनाइट-नाइस, असा क्रम निघाला. इतक्या पातळ झाकणाखाली तो पाया दडला होता, आणि आपणांस त्याचा ठाव नव्हता.

खोलवरचा ताण मोजतात तरी कसा, असे वाचक विचारतील. दगडाला तराजू लावता येत नाही, म्हणून त्याला बोलते करावे लागते. एक पद्धत अशी की, बोअरमध्ये खोलवर दोन फुगणाऱ्या रबरी बुचांनी मधला काही फुटांचा भाग बंद करायचा आणि त्यात पाणी दाबाने भरत जायचे. एका क्षणी भिंतीला चीर पडते. पंप थांबविल्यावर ती चीर ज्या दाबाला मिटू लागते, तो दाब म्हणजे त्या जागी खडकाला आवळणाऱ्या ताणांपैकी सर्वांत कमी ताण. चीर ज्या दिशेने गेली, ती सर्वांत मोठ्या आडव्या ताणाची दिशा. दुसरी पद्धत निव्वळ निरीक्षणाची आहे. बोअर घेतल्यावर गोल विवराची भिंत स्वतःच काही बाजूंनी ढपले टाकते. ज्या दिशेने ताण सर्वाधिक, तिच्याशी काटकोनात हे ढपले पडतात. विवरात उपकरण सोडून भिंतीची प्रतिमा घेतली की, कोणत्या बाजूने दाब येतो आहे ते वाचता येते. गवंडी भिंतीच्या भेगेवरून पायाची खोट ओळखतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

कोयनेत ही विद्या प्रत्यक्षात आली ती भूकंपानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. २०११ मध्ये हैदराबादला आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. नंतर कोयना-वारणा भागात साधारण दीड किलोमीटर खोलीचे अनेक बोअर घेण्यात आले. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला खोल विवरांच्या भूभौतिक संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली. सातारा जिल्ह्यातील गोठणे येथे डिसेंबर २०१६ मध्ये पथदर्शी बोअर सुरू झाला आणि जून २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोली गाठून पूर्ण झाला. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी पाया लागला. विवराच्या भिंतींच्या प्रतिमांवरून सर्वांत मोठा आडवा ताण साधारण उत्तर-दक्षिण असल्याचे दिसले. भारतभूखंडाच्या रेट्याशी ते जुळते. तीन किलोमीटर खोलीपर्यंत पाणी सापडले, आणि ते पावसाचे, वरून झिरपत गेलेले होते. प्रयोगशाळेचा निष्कर्ष असा की, कोयनेखालचा खडक तुटण्याच्या सीमेवर ताणलेला आहे आणि ताणातील किरकोळ बदलही तेथे भूकंप घडवू शकतो. १९६७ नंतर पाराजवळ विचारलेल्या प्रश्नाला हे मोजून दिलेले उत्तर होते. शक्ती पृथ्वीची, निमित्त बऱ्याच अंशी पाण्याचे.

कोयना अपवाद आहे, असे मानून निश्चिंत होण्याचे मात्र कारण नाही. जर्मनीतील बव्हेरियात, जेथे भूकंप क्वचितच ऐकू येतात, तेथे १९९४ मध्ये नऊ किलोमीटरांहून अधिक खोल विवर पूर्ण करण्यात आले. त्याच्या तळाशी सुमारे दोनशे घनमीटर, म्हणजे वीस-पंचवीस टँकर, खारे पाणी दाबाने सोडले, तर शेकडो सूक्ष्म भूकंपांची नोंद झाली. माणसाला जाणवण्याजोगे ते नव्हते. परंतु शांत दिसणारा पाषाणही किती भरत आलेला असतो, हे त्यांनी सिद्ध केले.

नरसिंहपुराच्या परिसरालाही यात एक स्थान आहे. १९७३ मध्ये कृष्णब्रह्मम् आणि नेगी या हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून असे अनुमान मांडले की, दख्खनच्या बेसाल्टखाली दोन पुरातन खचदऱ्या गाडल्या गेल्या आहेत. एकीला त्यांनी कोयनेचे नाव दिले आणि दुसरीला कुर्डुवाडीचे. कुर्डुवाडी संगमापासून ईशान्येस तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. पुढे उपग्रहचित्रांवरूनही कुर्डुवाडीच्या नावाने ओळखली जाणारी, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी भेगांची रेषा अभ्यासकांनी रेखाटली. यावरून भीमाकाठी उद्या भूकंप होईल, असा अर्थ कोणीही काढू नये. वरून सपाट दिसणाऱ्या काळ्या रानाखालीही जुन्या जखमा आहेत आणि त्यांची तपासणी होणे इष्ट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ताण मोजल्याने भूकंपाची तारीख कळत नाही. अमुक दिवशी पहाटे धक्का बसेल, असे कोणी सांगू लागला तर त्याला शास्त्राचा आधार नाही, हे निःसंदिग्धपणे सांगणे अगत्याचे आहे. छडी किती वाकली आहे हे मोजता येते. ती कोणत्या घटकेला मोडेल हे नाही. मग एवढा खर्च आणि श्रम कशासाठी? याचे उत्तर किल्लारीच्या ढिगाऱ्यात होते. तेथे जी माणसे मेली, त्यांतील बहुतेकांना जमिनीने नव्हे, घराने मारले. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, त्यांना जोडणारा पट्टा नाही, आणि डोक्यावर उन्हाळ्यासाठी वर्षानुवर्षे जाड होत गेलेले मातीचे माळवद. त्याच तीव्रतेचा धक्का नीट बांधलेल्या घरांच्या गावात बसता, तर इतकी माणसे गेली नसती. तारीख माहीत नसतानाही ती वाचवता आली असती.

अशी जुनी माळवदाची घरे आजही सोलापूर आणि मराठवाड्याच्या कितीतरी गावांत उभी आहेत. त्यांत राहणारे बहुधा वृद्ध आणि गरीब असतात. मुले नवे घर बांधून शेजारी किंवा शहरात गेलेली असतात. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीच्या दोन पदरांना जोडणारे आडवे दगड किंवा काँक्रीटचे टाके घालणे, छताच्या पातळीवर भिंतींना बांधणारा पट्टा देणे, ही कामे गावच्या गवंड्याला येण्याजोगी आहेत. गोठण्याच्या तीन किलोमीटर खोल विवरातून वर आलेले ज्ञान त्या गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचायला हवे. धर्मग्रामाची सभा, ग्रामपंचायत, शाळा, यांपैकी कोणीही ते नेऊ शकेल. लिस्बनच्या काळात गावच्या पाद्र्यांनी भूकंपानंतर प्रश्नांची उत्तरे लिहिली. आपल्या गावात किती घरांवर अजून जड माळवद आहे आणि त्याखाली कोण झोपते, एवढे तरी आपण भूकंपापूर्वी लिहून काढावे.